मेळघाटातली बंद पायवाट पुन्हा उघडावी का?

अकोट सोडलं की उत्तरेला कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागांमागे सातपुड्याची निळसर भिंत दिसायला लागते. पोपटखेड आणि शहानूरच्या पुढे शेती संपते आणि मेळघाट सुरू होतो. या डोंगरात जुन्या वाटा पुष्कळ आहेत. काही किल्ल्यावर जाणाऱ्या, काही महादेवाच्या देवस्थानाकडे, काही उठून गेलेल्या गावांकडे आणि एक तर चक्क रेल्वेची. यातल्या बहुतेक आज बंद आहेत किंवा अटींवर उघडतात.

दर पावसाळ्यात अकोला-अमरावतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर अशा वाटांचे फोटो फिरतात आणि खाली भांडण सुरू होतं. एक म्हणतो, "आमचे आजोबा याच वाटेनं जायचे, आता वनविभाग अडवतो." दुसरा म्हणतो, "जंगल वाघाचं आहे, तुम्ही घरी बसा." दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघंही अर्धंच सांगतात. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

थोडक्यात

- मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही. वाट जुनी असली तरी नियम तोच.
- "तिथं फार कोणी जात नव्हतं" या एका मुद्द्यावर वाट उघडता येत नाही आणि बंदही करता येत नाही.
- वऱ्हाडात या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरं आधीच मिळालेली आहेत: रेल्वेला वळसा, धारगडला मोजके दिवस, नरनाळ्याला नियंत्रित प्रवेश.
- वाट कोणाची, तिला पर्याय आहे का आणि ती किती दिवस उघडी राहणार, यावर उत्तर ठरतं.

आधी जागा समजून घेऊ

१९७३ मध्ये देशात 'प्रोजेक्ट टायगर' सुरू झाला. पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांमध्ये मेळघाट होता आणि महाराष्ट्रातला तो पहिलाच. फेब्रुवारी १९७४ मध्ये त्याची घोषणा झाली. आज त्याचं एकूण क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे. त्यातलं सुमारे १,५०० चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, म्हणजे कोअर. उरलेलं सुमारे १,२६८ चौरस किलोमीटर बफर.

गाभ्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, मेळघाट अभयारण्य आहे आणि दक्षिण-पश्चिमेला नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही तीन अभयारण्यं आहेत. ही तिन्ही अकोट वन्यजीव विभागाकडे येतात. नरनाळा अभयारण्य जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं, म्हणजे किल्ला आणि त्याच्या भोवतीचं जंगल. वान सुमारे २११ आणि अंबाबरवा सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं. क्षेत्र संचालकांचं कार्यालय अमरावतीत आहे.

कोअर आणि बफर हा फरक पूर्ण लेखभर लक्षात ठेवा. कोअरमध्ये वन्यप्राण्यांना पहिला मान. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं आहेत, लोकांचे हक्क आहेत आणि तिथं माणूस आणि प्राणी यांनी एकत्र नांदावं अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. सोशल मीडियावरची अर्धी भांडणं ही वाट कोअरमधली की बफरमधली, हे न विचारताच चाललेली असतात.

वाट "बंद" म्हणजे नेमकं काय?

बऱ्याच जणांना वाटतं की वनविभागानं एखाद्या दिवशी फाटक लावलं आणि वाट बंद झाली. खरं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात "प्रवेश नाही" हाच मूळ नियम आहे. प्रवेश हा अपवाद.

कलम २७ मध्ये हे अपवाद दिले आहेत. कामावर असलेला सरकारी कर्मचारी, मुख्य वन्यजीव रक्षकांनी ज्यांना आत राहण्याची परवानगी दिली आहे ते, आत ज्यांची स्थावर मालमत्ता आहे ते, अशा लोकांवर अवलंबून असलेले आणि सार्वजनिक हमरस्त्यानं जाणारे. बाकी सगळ्यांना कलम २८ खालचा परवाना लागतो. तो अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम यासाठी मिळतो. म्हणजे "सहज फिरायला" हे कारण कायद्याच्या भाषेत पर्यटन आहे आणि त्याला पर्यटनाचेच नियम लागतात.

इथं एक बारीक पण मोठा मुद्दा आहे. खेड्यात आपण "वहिवाटीची वाट" किंवा "पांदण रस्ता" म्हणतो. वर्षानुवर्षं लोक जातात म्हणून तो रस्ता, असा आपला समज असतो. शेताच्या बाबतीत महसुली कायदा त्याला आधारही देतो. पण अभयारण्य घोषित होताना आतल्या हक्कांची चौकशी होते. त्या चौकशीत जो हक्क नोंदला गेला तो टिकतो. जी वाट कोणी नोंदवलीच नाही, तिच्यासाठी नंतर भांडणं अवघड जातं. पायवाटेनं जाणाऱ्यांकडे सहसा कागद नसतो आणि खरी अडचण तिथेच होते.

२००६ च्या दुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांसाठी आणखी एक थर आला. कलम ३८-व्ही नुसार गाभा क्षेत्र हे वाघांसाठी निर्वेध ठेवायचं असतं आणि राज्याला व्याघ्र संवर्धन आराखडा तयार करावा लागतो. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुलैपासून काही महिने देशभरातल्या गाभा क्षेत्रांतलं पर्यटनच थांबवलं होतं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं ऑक्टोबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यावर ते पुन्हा सुरू झालं. त्या सूचनांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो आणि तोही नियंत्रित, कमी त्रासाच्या पद्धतीनं. म्हणजे आत नवी पायवाट पर्यटनाला उघडायची तर ती या हिशेबात बसवावी लागते.

"फार कोणी जात नव्हतं" या मुद्द्यात काय चुकतं?

कमी वापराच्या वाटेबद्दल दोन्ही बाजू एकच वाक्य वापरतात. उघडा म्हणणारे म्हणतात, "वर्षाला चार-दोन माणसं जातील, त्यानं वाघाचं काय बिघडणार?" बंद ठेवा म्हणणारे म्हणतात, "चार-दोन माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला?"

दोघं माणसांची संख्या मोजतात. पण वाटेवर माणसांपेक्षा जास्त वर्दळ इतरांची असते. वाघ, बिबटे, अस्वलं दाट झाडोऱ्यातून अंग ओरबाडून घेत जाण्यापेक्षा मोकळ्या वाटेनं चालणं पसंत करतात. वाघ वाटेच्या कडेच्या झाडांवर मूत्राचा फवारा मारतो, जमिनीवर ओरखडे काढतो आणि आपली हद्द सांगतो. म्हणूनच व्याघ्रगणनेचे कॅमेरा ट्रॅप जंगलाच्या मधोमध न लावता वाटांच्या दोन्ही बाजूंना लावतात. माणसानं सोडलेली वाट रिकामी राहत नाही, ती दुसऱ्याच्या वापरात जाते.

शिवाय बंद वाट पूर्वीसारखी राहतच नाही. दोन-तीन पावसाळ्यांत घाणेरी आणि रानतुळस माजते, सागाची रोपं उभी राहतात, नाल्यातला उतार वाहून जातो. "उघडायची" म्हणजे फक्त कुलूप काढायचं नसतं. झुडपं तोडावी लागतात, दगड लावावे लागतात, पाण्याला वाट करून द्यावी लागते आणि दरवर्षी हे पुन्हा करावं लागतं. हे करणारे हात तेच असतात, जे एरवी गस्तीला जातात किंवा वणवा विझवतात. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. ट्रेकिंगचा थंडीतला हंगाम संपता संपता वनकर्मचाऱ्यांवर हा भार सुरू होतो.

पण उलट बाजूही खरी आहे. ज्या वाटेवर गावकऱ्यांची ये-जा असते, तिथं शिकाऱ्याला निवांत फासे लावता येत नाहीत. २०१३ मध्ये मेळघाटातल्या वाघांच्या शिकारी उघड झाल्या. बाहेरून आलेल्या टोळ्या आतपर्यंत पोचल्या होत्या. वाट बंद केली म्हणजे जंगल आपोआप सुरक्षित झालं, असं त्यामुळे म्हणता येत नाही. माणसं काढली तर त्यांच्या जागी गस्त वाढवावी लागते.

आता वऱ्हाडातली तीन उदाहरणं पाहू.

उदाहरण १: रेल्वेची वाट – वळसा

अकोला-खंडवा हा जुना मीटरगेज मार्ग, सुमारे १७६ किलोमीटरचा. तो अकोट, हिवरखेड, वान रोड, धुळघाट, तुकईथड करत मध्य प्रदेशात उतरायचा. धुळघाटजवळ चढ कापण्यासाठी रूळ स्वतःवरूनच वळसा घेऊन जायचे आणि लहान मुलं खिडकीतून आपलीच आगगाडी शोधायची. एकेकाळी हैदराबाद आणि राजस्थान जोडणाऱ्या मोठ्या मीटरगेज मार्गाचा हा भाग. ब्रॉडगेजच्या कामासाठी तो बंद झाला. अकोला-अकोट हा पट्टा ब्रॉडगेज होऊन २०२२ मध्ये तिथं पुन्हा गाडी धावली. अडलं ते पुढे, कारण पुढचे सुमारे ३८ किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून जातात.

जुनाच मार्ग हवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ होता. रेल्वे आधी आली, व्याघ्र प्रकल्प नंतर. रूळ आहेत, बोगदे आहेत, अंतर कमी आहे. दिवसाला मोजक्या गाड्या जायच्या, तेव्हा वाघ संपले नाहीत, मग आता काय होणार?

विरोधकांचं उत्तर होतं की जी गाडी बंद झाली ती आणि जी सुरू होईल ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मीटरगेजची गाडी घाटात रमतगमत जायची. ब्रॉडगेज झालं की वेग वाढेल, गाड्या वाढतील, मालगाड्या येतील, बांधकाम वाढेल आणि जंगलाचे दोन तुकडे पडतील. भारतीय वन्यजीव संस्थेपासून न्यायालयापर्यंत हा विषय गेला. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही केंद्राला पत्र लिहून पर्यायी मार्गाची मागणी केली. शेवटी रेल्वेनं जंगलाबाहेरचा मार्ग स्वीकारला: हिवरखेडहून सोनाळा, जामोद, कुंवरदेव, उसरणी, खकनार, खिकरी करत तुकईथड. अंतर सुमारे तीस किलोमीटरनं वाढतं. पण ज्यांच्या दारात कधी रेल्वे नव्हती, त्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागातल्या गावांना रेल्वे मिळते.

यातून काय घ्यायचं? "पूर्वी होतं" हा मुद्दा तपासताना पूर्वी जे होतं तेच परत येणार आहे का, हे विचारायचं. पायवाटेलाही हेच लागू आहे. आजोबांच्या काळात त्या वाटेनं महिन्याला दहा माणसं जायची, अनवाणी, सूर्य मावळायच्या आत. आज ती उघडली आणि एक रील व्हायरल झाली, तर एका रविवारी पाचशे जण येतील, स्पीकर घेऊन. जुनी वाट उघडली तरी तिचा जुना वापर परत येत नाही.

उदाहरण २: धारगडची वाट – मोजके दिवस

धारगडचं महादेवाचं स्थान अकोट तालुक्याच्या वर, डोंगरात, गाभा क्षेत्रात आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी इथं यात्रा भरते. अकोला, अमरावती, बुलढाण्यातून भाविक पोपटखेडमार्गे वर चढतात. एरवी ज्या भागात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथं त्या एक-दोन दिवसांत "हर हर महादेव"चा गजर चालतो.

वनविभागाच्या दृष्टीनं ही वर्षातली सर्वांत अवघड जबाबदारी. पावसाळ्याचे दिवस, निसरडी वाट, भरलेले नाले, मोठी गर्दी. पण श्रद्धेची वाट कायमची बंद करणं व्यवहार्य नाही आणि योग्यही नाही. म्हणून ठरावीक दिवस, ठरावीक रस्ता आणि ठरावीक वेळ अशी सोय केली जाते.

पर्यावरणाच्या हिशेबानं एका दिवशी मोठी गर्दी चांगली की वर्षभर रोज थोडी? जंगलातल्या प्राण्याला वर्षातून दोन दिवस त्रास झाला तर तो बाजूला सरकतो आणि परत येतो. रोज सकाळी सात वाजता माणूस दिसायला लागला, तर तो ती जागाच सोडतो किंवा रात्रीच बाहेर पडायला शिकतो. त्यामुळे "यात्रेला हजारो चालतात, मग आम्ही दहा ट्रेकर का नाही?" हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही. हजारोंचे दोन दिवस आणि दहा जणांचे तीनशे दिवस यांची तुलना नुसत्या आकड्यांनी होत नाही. अर्थात यात्रेला सगळं माफ, असंही नाही. तिथं मागे राहणारा प्लॅस्टिकचा कचरा दोन दिवसांत जात नाही.

उदाहरण ३: नरनाळ्याची वाट – फाटक, दिवस, वाटाड्या

नरनाळा हा वऱ्हाडातला सर्वांत देखणा किल्ला. मुख्य नरनाळा आणि त्याच्या दोन बाजूंना जाफराबाद आणि तेलियागड. महाकाली दरवाजावरचं कोरीवकाम आणि शिलालेख १४८७ सालचे, इमादशाहीचा पाया घालणाऱ्या फत्हुल्ला इमाद-उल-मुल्कच्या काळातले. वरची तळी, नवगजी तोफ आणि दक्षिणेला पसरलेलं पूर्णेचं खोरं पाहायला लोक लांबून येतात.

हा किल्ला अभयारण्यात आहे, म्हणजे दोन वारसे एकाच डोंगरावर. इथं प्रवेश पूर्ण बंद केला असता तर वऱ्हाडी माणसाला आपल्याच इतिहासाचं दार बंद झालं असतं. पूर्ण मोकळा सोडला असता तर डोंगराची सहल झाली असती. म्हणून शहानूरच्या फाटकावर नोंद करून, दिवसाउजेडी, वनविभागाच्या नियमांनुसार वर जाता येतं. लोकांना किल्ला दिसतो आणि वनविभागाला कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, याचा हिशेब राहतो.

किल्ल्याच्या वाटांबद्दल आणखी एक गोष्ट. वापर नसलेल्या दरवाज्याला आणि पायऱ्यांना झाडांची मुळं धरतात आणि चिरे निसटतात. तिथं थोडीफार ये-जा आणि डागडुजी वारशाच्या दृष्टीनं गरजेची असते. जंगलातली साधी पायवाट मिटली तर जंगलाचं नुकसान नाही, पण पंधराव्या शतकातली पायरी ढासळली तर ती परत येत नाही.

ज्यांची वाट होती, ते लोक कुठे आहेत?

ट्रेकिंगच्या चर्चेत हा भाग नेहमी सुटतो. मेळघाटातल्या बहुतेक वाटा ट्रेकरनं पाडलेल्या नाहीत. त्या कोरकू, गवळी, निहाल अशा लोकांच्या रोजच्या चालण्यानं झाल्या. शेताला, बाजाराला, माहेराला, देवाला जाणाऱ्या.

गाभा क्षेत्रातून अनेक गावांचं पुनर्वसन झालं. बोरी, कोहा आणि कुंड ही सुरुवातीची. पुढे अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी गावं अकोट आणि तेल्हारा तालुक्यांच्या बाजूला हलवली गेली. पुनर्वसनासाठी कुटुंबामागे दहा लाख रुपयांचं पॅकेज होतं. ते २०२१ मध्ये पंधरा लाख झालं. उठलेल्या गावांच्या शेतांवर गवत वाढलं आणि त्यावर चितळ, सांबर, रानगवे चरायला आले. वाघांना त्याचा फायदा झाला, हे खरं.

पण हेही खरं की कबूल केलेलं सगळं मिळालं नाही, ही तक्रार घेऊन पुनर्वसित गावांतले काही लोक परत जंगलात गेले. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि वनकर्मचारी-पोलिसांत मोठा संघर्ष झाला आणि दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले.

आता विचार करा. ज्यांना गाव सोडायला सांगितलं, कारण माणसाच्या वावरानं जंगलाला त्रास होतो, त्यांच्याच जुन्या वाटेवर शहरातल्या पर्यटकाला तिकीट काढून चालायला दिलं, तर त्यांना काय वाटेल? गाभ्यातली पायवाट ट्रेकिंगसाठी उघडू नये, याचं वाघाइतकंच मोठं कारण हे आहे. ज्याचा त्याग झाला त्याचा हक्क आधी. जुन्या गावठाणातल्या देवाला, पूर्वजांच्या जागेला वर्षातून एकदा जाण्याची सोय त्यांना सन्मानानं मिळाली पाहिजे. २००६ चा वनहक्क कायदाही वनवासींचे हक्क मान्य करूनच पुढे जायला सांगतो.

पायी चालणं आणि जिप्सीत बसणं यात फरक आहे

"सफारी चालते, मग पायी का नाही?" हा नेहमीचा प्रश्न. वाघ गाडीला सरावतो, कारण गाडी ठरलेल्या रस्त्यावर राहते आणि त्याला ती एकच मोठी वस्तू वाटते. पायी माणूस वेगळा. मध्य भारतात वाघापेक्षा अस्वल जास्त धोक्याचं ठरतं. त्याची नजर कमजोर असते, वळणावर अचानक समोर आलं तर ते घाबरून अंगावर येतं.

जंगल ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनाही हा धोका चुकत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या गाभा क्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सोबत सहकारी होते, प्रशिक्षण होतं, तरीही. आणि असा प्रसंग घडला की फटका माणसापुरता राहत नाही. त्या प्राण्याला पकडा, हलवा अशी मागणी सुरू होते.

आगीचं भानही हवं. मार्च २०१८ मध्ये तामिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. सागाच्या वाळल्या पानांनी भरलेला मेळघाटचा एप्रिल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

बाहेर काय करतात?

चालण्याला पूर्ण नकार हा एकच मार्ग नाही. केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात १९९८ पासून छोट्या गटांना पायी नेलं जातं. वाटाडे म्हणून तिथं पूर्वी जंगलात चोरटी तोड आणि शिकार करणारेच लोक घेतले. त्यांना जंगल पाठ होतं, आता तेच राखणदार झाले. गट लहान, सोबत सशस्त्र रक्षक आणि उत्पन्न स्थानिकांकडे. मध्य प्रदेशातल्या सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही वाटाड्यासोबत पायी फिरण्याची सोय आहे. कुरंगणीच्या दुर्घटनेनंतर तामिळनाडूनं ट्रेकिंगसाठी नियम केले आणि २०२४ मध्ये वनविभागामार्फत चाळीस निवडक मार्ग ऑनलाइन नोंदणीनं सुरू केले.

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात अस्वलांसाठी काही भाग ठरावीक महिन्यांत बंद ठेवतात, काही ठिकाणी फक्त दिवसाच जाता येतं. तिथं वाट कायमची उघडी किंवा कायमची बंद असा विचारच नाही. अस्वलाचा खाण्याचा हंगाम बघून वाटेचं वेळापत्रक ठरतं.

मग ठरवायचं कसं?

कुठल्याही बंद वाटेबद्दल हे सहा प्रश्न विचारा:

१. वाट कोअरमध्ये आहे की बफरमध्ये? कोअरमध्ये असेल तर उघडा म्हणणाऱ्यानं कारण सिद्ध करायचं. बफरमध्ये असेल तर बंद ठेवा म्हणणाऱ्यानं.

२. वाट कशासाठी होती? देवस्थान, शेत, किल्ला की नुसतं भटकणं? हक्क आणि हौस यांना एकच माप लावू नका.

३. पर्याय आहे का? रेल्वेला वळसा सापडला. धारगडच्या महादेवाला दुसरी जागा नाही. धबधबा पाहायचा असेल तर चिखलदऱ्यात पुष्कळ आहेत.

४. किती माणसं, किती दिवस, कोणत्या वेळी? हे तीन आकडे नसलेला प्रस्ताव म्हणजे प्रस्तावच नाही.

५. वाटेवर सध्या कोणाचा वावर आहे? एक वर्ष कॅमेरा ट्रॅप लावून बघता येतं. पिल्लं असलेली वाघीण तिथं दिसली तर चर्चा तिथंच संपते.

६. पैसा आणि काम कोणाला मिळणार? वाटाडे जवळच्या गावातले नसतील, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो.

या प्रश्नांवर घासून पाहिलं तर मेळघाटापुरतं उत्तर बरंच स्पष्ट होतं. गाभ्यातल्या, गाव उठल्यावर मिटलेल्या वाटा ट्रेकिंगसाठी उघडू नयेत. मूळ गावकऱ्यांना तिथं ठरावीक दिवशी जाता यावं. यात्रेची वाट यात्रेपुरतीच राहावी आणि तिची शिस्त वाढावी. किल्ल्यांच्या वाटा वाटाड्यासोबत दिवसा चालू राहाव्यात आणि त्यांची डागडुजी व्हावी. आणि चालण्याची हौस असलेल्यांसाठी बफरमध्ये, ग्रामसभेच्या संमतीनं, कोरकू वाटाड्यांसोबत नव्या वाटा आखाव्यात. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरसारख्या गावानं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकडी पुन्हा हिरवी करून दाखवली आहे. जंगल राखणारी गावं वाटही राखू शकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*परवानगीशिवाय आत गेलो तर काय होतं?*
वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा नोंदतो. "बोर्ड नव्हता" किंवा "गुगल मॅपवर वाट दाखवली" हे कारण चालत नाही.

*वाट उघडावी अशी मागणी कोणाकडे करायची?*
अकोट भागासाठी तिथल्या वन्यजीव विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे आणि प्रकल्पासाठी अमरावतीतल्या क्षेत्र संचालकांकडे. निर्णय व्याघ्र संवर्धन आराखड्यात बसावा लागतो, म्हणून अर्जात वाटेचा नकाशा, जुना वापर, अपेक्षित संख्या आणि जवळच्या ग्रामसभेचा ठराव जोडा.

*वाट का बंद केली, हे कळू शकतं का?*
हो. माहितीच्या अधिकारात संबंधित अधिसूचना, हक्कांच्या चौकशीची नोंद आणि आराखड्यातला पर्यटनाचा भाग मागता येतो. भांडण करण्याआधी हा कागद हातात घेतला तर निम्मे गैरसमज मिटतात.

*जुन्या वाटेचा फोटो किंवा लोकेशन टाकलं तर चालेल का?*
आठवण जरूर सांगा. पण गाभ्यातल्या वाटेचं नेमकं ठिकाण टाकू नका. फोटो पाहून निघालेल्या पोराला आत अस्वल भेटलं, तर त्याला सोडवायला जाणारा वनमजूर कुणाच्या तरी घरातला कर्ता माणूस असतो.